डाव्या अंगाचा बैल

आमचे हे माझ्याबरोबर आठ दिवस सड्यावर, गावामागच्या कातळाच्या माळावर, बैल शोधत फिरले, आणि बैल सड्यावर नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे भात कापून झालं की गुरं उनाड सोडतात. दावं काढायचं, पाठीवर थाप मारायची, मग ती आपली सड्यावर, रानात चरत हिंडतात. पावसाळा जवळ आला की ज्याचा तो आपलं जनावर शोधून घरी आणतो. सासऱ्यांच्याही आधीपासूनची ही रीत. त्यामुळे एका संध्याकाळी मी शाळेतून आले, गोठा रिकामा दिसला आणि हे म्हणाले, "तांबड्याला उनाड सोडला," तेव्हा मी "बरं" म्हणून चहा टाकला.

खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. तांबड्याचा जोडीदार काळा श्रावणात फुरसं चावून गेला होता. नऊ वर्षं दोघांनी मिळून आमचं जोत ओढलं. आता एकटा बैल नांगराला काय कामाचा, असं दिरांनी मुंबईहून फोनवर विचारलं आणि पॉवर टिलर पाठवून दिला. निळी ताडपत्री घालून तो गोठ्यात काळ्याच्या जागी उभा राहिला. मी शिकवणारी बाई, पण एवढं साधं गणित मला सुटलं नाही.

मे महिन्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची गुरं परतली. आमचा तांबडा नाही. सुट्टीच होती, रोज सकाळी मी निघायची. हे पाठोपाठ यायचे, कातळावर उभं राहून हाका मारायचे, आणि पाणी प्यायला बसलो की म्हणायचे, "वाघाने नेला असेल गं. सोड नाद." मी म्हटलं, वाघाने नेला तर हाडं दाखवा. बैल मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही.

नवव्या दिवशी चष्मा बदलायला रत्नागिरीला जावं लागलं. येताना एसटी हातखंब्याला, हायवेच्या तिठ्यावर थांबली. कलिंगडाच्या स्टॉलपाशी एक तांबडा बैल साली चघळत उभा होता. कपाळावर पांढरा चांद, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. मी दोनदा चष्मा पुसला.

"उतरायचंय, उतरायचंय मला!"

"बाई, तुमचं गाव पुढं आहे," कंडक्टर म्हणाला.

"माझा बैल इथं आहे!"

अख्खी गाडी हसली. हसू देत.

स्टॉलवाली म्हणाली, "महिना झाला, हलतच नाय ओ. हाकलला तरी हायवेवर जाऊन मधोमध उभा राहतो. त्या ट्रकनं पाय घासला बघा त्याचा. परवा एक गाय गेली गाडीखाली. तुमचा असेल तर आजच न्या, नायतर ह्याचंही तेच व्हायचंय."

बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळला होता. मानेवर जुवाचा घट्टा मात्र तसाच. मी हाक मारली. त्याने कान हलवले, पण जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आला आणि माझ्या खांद्यावर नाक घासलं. भर तिठ्यावर मी रडले, लाज वाटली नाही.

ह्यांना फोन लावला. तांबडा हातखंब्याला सापडला म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "मी त्याला टेम्पोत घालून पार लांब सावर्ड्याला सोडला होता गं. इथं सोडला असता तर परत आला असता."

"आणि हातखंब्याला कसा आला?"

"चालत आला असेल."

"तुम्ही आठ दिवस माझ्याबरोबर हाका मारत होतात!"

"तुला कसं सांगणार होतो? आता... मोकळाच होता ना तो. टेम्पो पाठवतो, थांब."

मोकळा म्हणे! डोंबल मोकळा! खोंड असताना आम्हीच त्याला खच्ची केला, नाकात वेसण घातली, उभं राहा म्हटलं की उभं राहायला शिकवलं. रानात एकट्याने कसं जगायचं ते आम्हीच त्याच्यातून काढून टाकलं. आणि काम संपल्यावर म्हणायचं, जा बाबा, तू मोकळा. म्हणून तर तो जिथं माणसं दिसतील तिथं, गाड्यांच्या तोंडाशी येऊन उभा राहत होता. मी त्याला चालवत आणते म्हणून फोन ठेवला. टेम्पो नकोच होता, साधा रिकामा टेम्पो बाजूने गेला तरी तांबडा थरथरत होता.

दुकानातून नायलॉनची दोरी घेतली आणि आमच्या फाट्याला वळून चालू लागले. घर सात-आठ किलोमीटर. उन्हं अजून उतरली नव्हती. बैल लंगडत होता, माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तरी आज घरी न्यायचाच, रात्र झाली तरी चालेल.

मी त्याच्या डावीकडून, रस्त्याच्या कडेने चालत होते. हा आपला सारखा डावीकडे सरके आणि मला गटारात लोटे. दोनदा पडता पडता वाचले. "अरे मेल्या, मीच सापडले का तुला?" म्हणत शेवटी उजव्या बाजूला गेले. तसा तो सरळ चालू लागला, अगदी सुतात, माझ्याशी पाऊल जुळवून.

तेव्हा लख्ख कळलं. जोताला तांबडा कायम डाव्या अंगाला असायचा, उजवीकडे काळा. तो काळ्याला जागा सोडून चालत होता. जोडीदार जाऊन वर्ष होत आलं, सावर्ड्यापासून इथवर तो असाच आला असणार.

आणि घरात तरी दुसरं काय चाललं होतं? गोठ्यात बैल नसताना हे रोज पहाटे उठायचे, पेंढा घालायला म्हणून जायचे आणि टिलरपाशी नुसतेच उभे राहायचे. मला वाटायचं, सवय. तांबड्याला आम्ही लावली, आणि त्यानेही ह्यांना लावली होती की.

अर्ध्या वाटेवर, चढाच्या आधी, हे समोरून येताना दिसले. चालत. हातात पाण्याची कळशी. बैल प्यायला. ह्यांनी त्याच्या मानेवरच्या घट्ट्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोरी दे. तू दमलीस."

"दोरी देते. पण कुठून चालायचं ते ऐका. इथं, उजवीकडून. ही काळ्याची जागा आहे. तुम्ही त्याला एकटं सोडलंत ना? आता त्याच्याबरोबर तुम्हीच चाला. तो मरेपर्यंत."

भांडतील असं वाटलं होतं. भांडले नाहीत. उजवीकडे आले, पाऊल जुळवलं, आणि दोघं चढ चढू लागले. मी तुटकी चप्पल हातात घेऊन मागून.

घरी पोचलो. ह्यांनी तांबड्याला अंगणात उभं केलं, गोठ्यात गेले, आणि तो जड टिलर एकट्याने ओढत बाहेर उघड्यावर आणून ठेवला. मग तांबड्याला आत नेऊन दावं बांधलं.