पलीकडून ओढणारी

गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. एक थोरली, एक धाकटी. सख्ख्या बहिणी, दोघींत मिळून एक शिलाई मशीन आणि एक तोंड. तोंड अर्थात थोरलीचं. धाकटी आपली मान खाली घालून शिवायची.

दोघी गोधड्या शिवायच्या. वरचं कापड, मधे कापूस, खाली अस्तर, अशी ती जाडजूड गुंडाळी सुईच्या उजवीकडच्या वीतभर जागेत कोंबायची म्हणजे म्हशीला खिडकीतून घरात घ्यायचं! मशीन मुळात झबली-परकर शिवायचं, त्याचा तरी काय दोष? म्हणून धाकटी सुईपाशी बसे आणि थोरली मशीनच्या पलीकडे खुर्ची टाकून. थोरली गोधडी आपल्याकडे ओढायची, धाकटी अलीकडून जरा रोखून धरायची. त्या ओढाताणीत टाका असा सरळ पडे की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

मग थोरली गेली. गल्ली म्हणाली, संपल्या आता गोधड्या. पण थोड्याच दिवसांत मशीनची घरघर पुन्हा सुरू झाली आणि टाके पहिल्यासारखेच, पट्टीनं आखल्यासारखे. ‘धाकटी भलतीच पक्की निघाली हो!’ लोक म्हणाले.

धाकटीलाही तसंच वाटायचं. म्हणजे तसंच वाटून घ्यायची ती. शिवून झालेली गोधडी खरं तर पलीकडे जमिनीवर पडायला हवी, पण ती खुर्चीवर नीट घडी घातलेली सापडे. मीच ठेवली असेन, धाकटी म्हणे. खोलीत थोरली खांद्याला चोळायची त्या मलमाचा वास यायचा. ती बाटली कधीच फेकून दिली होती. कापसाला लागला असेल वास, असं म्हणून ती खिडकी उघडायची. स्वतःची समजूत घालण्यात माणसासारखा हुशार प्राणी नाही बघा.

थोरलीचा मुलगा अधूनमधून मावशीला बघायला येई. एकदा दारात चपला काढताना त्याला आतून ऐकू आलं, “अगं, हळू ओढ ना!”

“मावशी, कुणाशी बोलतेस?”

“मशीनशी.”

भाच्याचा चेहरा उतरला. एकटीनं राहून मावशीच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच त्याला वाटलं असणार. “ते खटारं काढून टाकू आपण,” तो म्हणाला, “भरतकाम, गोधडी, सगळं एकटीनं जमेल असं नवं मशीन घेऊ.” आणि आठवड्याच्या आत तिला दुकानात घेऊनही गेला.

धाकटी पिशवीतून आपला तुकडा घेऊन गेली होती, कापूस भरलेला, तीनपदरी. दुकानदार खळ दिलेल्या पातळ कापडावर शिवून दाखवतात, त्यावर कुठलंही मशीन शहाणंच वाटतं. पहिलं मशीन बटण दाबलं की आपलं आपण फुलं काढत होतं, बदकं काढत होतं. “उद्या भांडीही घासेल,” धाकटी म्हणाली, “पण जागा बघा केवढीशी! माझी गोधडी इथं गुदमरून मरेल.” दुसरं वजनाला हलकं. जाड शिवणीवर आलं आणि बकरीसारखं उडालं. दुकानदाराच्या नाकी नऊ आले.

“मावशी, नाकानं कांदे सोलू नकोस,” भाचा कुजबुजला.

तिसरं मात्र जड, ऐसपैस. सुईच्या बाजूला हातभर मोकळी जागा. एक खटका दाबला की कापड पुढे नेणारे दात खाली जात. मग भरतकामाला कापड हवं तसं फिरवा. धाकटीला ते मनापासून आवडलं. ती दात वर घेऊन सरळ शिवायला बसली.

टाके बारीक झाले, मग एकात एक अडकून गुंता झाला. पुन्हा शिवलं, पुन्हा तेच.

“नाचता येईना म्हणजे अंगणच वाकडं, होय ना?” भाचा हसला.

“गप रे!” धाकटीचा चेहरा लाल झाला.

दुकानदारानं चष्मा वर सरकवून तिच्या हातांकडे बघितलं. “काकू, तुम्ही कापड मागं खेचून धरताय. मशीन आपण होऊन नेतं, हात सैल सोडा.” तिनं सोडून पाहिले. हात ऐकेनात. “असा हात चालतो तो पलीकडून कुणी ओढत असेल तरच. घरी कसे येतात तुमचे टाके?”

“सरळ.”

“मग घरी कुणीतरी ओढत असणार!” दुकानदार हसत म्हणाला. बिचारा विनोद करत होता.

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि भीती ओसरायच्या आतच तिला थोरलीचा खांदा आठवला. शेवटी शेवटी तिला हात वर उचलवत नव्हता, वेणी धाकटीच घालून द्यायची. “मेल्यावरच सुटेन गं मी या ओढण्यातून,” थोरली म्हणायची आणि दोघी हसायच्या. सुटली कुठं? अजून दुखऱ्या खांद्यानं ओढतेच आहे.

नवं मशीन घरात आलं की थोरलीचं काम संपलं. मग ती कशाला थांबेल? खोटं कशाला बोला, धाकटीला तिला ठेवून घ्यावंसं वाटलं. जुनंच बरं म्हणून उठावं, घरी जावं आणि दोघींनी शिवत राहावं. भाच्यानं दोनदा विचारलं.

“हेच द्या,” ती शेवटी म्हणाली.

घरी आल्यावर भाचा टेम्पोवाल्याबरोबर खोकं उतरवायला खाली थांबला. धाकटी जुन्या मशीनवर बसली. एका गोधडीची कड राहिली होती. तिनं पायडल दाबलं आणि पलीकडून ओढ आली, नेहमीची, एकसारखी. आज तिनं ती स्वतःपासून लपवली नाही.

“अक्का, पुरे झालं. सोड आता. मी शिकेन एकटीनं.”

ओढ तशीच राहिली. थोरली एका सांगण्यात ऐकेल तर शपथ!

“दुखतंय ना गं तुला? जा.”

कापड ढिलं पडलं. गोधडी खुर्चीवरून घसरून धपकन जमिनीवर आली. सुई एकाच जागी वरखाली होत राहिली, खाली दोऱ्याची गुठळी झाली.

थोरलीला नेलं तेव्हा धाकटीच्या डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नव्हतं. आता तिनं मशीनवर डोकं टेकलं आणि असा हंबरडा फोडला की भाचा खोकं जिन्यातच टाकून धावत वर आला.

“मावशी! अगं, काय झालं?”

“तुझी आई गेली रे,” ती म्हणाली.