रंजनानं विचारलं होतं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेली नाही. आईजवळ नाही, लग्नानंतर नवऱ्याजवळ नाही. बोलायची वेळ आली नाही असं म्हणता येणार नाही – आली, दोनदा आली, आणि दोन्ही वेळा मी इकडचं तिकडचं बोलून मोकळी झाले. आज तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये.

आमच्या भागात मला थोडेफार लोक ओळखतात. अंबरनाथच्या आमच्या शाळेत टेक्निकल घेऊन दहावी झालेली मी पहिली मुलगी. पुढे डिप्लोमा केला, मग बदलापूरच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले. नव्वदनंतर मुलींनी हाताचं शिक्षण घ्यावं असं सगळीकडे बोललं जायला लागलं, तेव्हा दोन-तीन शाळांनी मला भाषणाला बोलावलं. मी जायचे. खाकी ॲप्रन माझ्या गुडघ्याखाली कसा यायचा, वेण्या टोपीत कोंबून आम्ही लोखंडावर कानस कशी चालवायचो, हे सांगितलं की मुली हसायच्या. मग कोणीतरी विचारायचंच – तुम्ही एकट्याच होता का? मी म्हणायचे, दोघी होतो. दुसरीनं मध्येच सोडलं.

सोडलं. किती सहज निघायचा तो शब्द तोंडातून.

आमची शाळा तशी साधीच, पण मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली वर्कशॉप होतं. आठवीपासून मुलं टेक्निकल घ्यायची. आठवड्यातले तीन अर्धे दिवस तिथं जायची – फिटिंग, सुतारकाम, वायरिंग, आणि नववीत लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र. मुली तेवढ्या वेळात शिवण शिकायच्या. पेडणेकर सर वर्कशॉप बघायचे. एका कारखान्यात बरीच वर्षं काढून शाळेत आलेला माणूस, हेडमास्तरांच्या मागे लागून लागून त्यांनी मुलींसाठी परवानगी काढली. म्हणाले, निदान दोघी-चौघी तरी येऊ द्यात, मी बघतो. शिवाय काही झालं तर जबाबदारी माझी, असंही म्हणाले होते. आम्ही दोघीच आलो. मी आणि रंजना.

माझे बाबा कारखान्यात अधिकारी, आम्ही कॉलनीत राहायचो. रंजनाचे वडील त्याच कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर होते. ते लोक उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका खोलीत राहायचे, रंजना तिथून चालत यायची. बौद्ध कुटुंब, घरात शिक्षणाचं भारी वेड. तिचे वडील सुट्टीच्या दिवशी तिला मायक्रोमीटर कसा वाचायचा ते शिकवायचे. मी टेक्निकल घेतलं ते वेगळं काहीतरी करायचं म्हणून. तिला मात्र ते मनापासून हवं होतं.

आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे आधी मान्य करायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट राहील. तिनं कानस मारली की पत्रा आरशासारखा सपाट व्हायचा. सर तिचा जॉब, म्हणजे तिनं घडवलेला तुकडा, हातात घेऊन पोरांना दाखवायचे. आमची मैत्री होती, डबा आम्ही एकत्र खायचो – पण तिचा जॉब असा हातोहात फिरायला लागला की मी माझ्या जॉबवरच्या रेघा मोजत बसायचे. एखादा मार्क तरी आपल्याला जास्त मिळावा, हे माझ्या डोक्यात सतत असायचं.

लेथवर लोखंडाचा तुकडा ज्यात धरतात तो चक. चकचे जबडे आवळायला वीतभर लांबीची, जड, टी-आकाराची चावी असते. ती चकमध्ये घालायची, पिळायची आणि काढायची. काढायची, हे सर रोज सांगायचे. चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती कुठे जाऊन लागेल ते देवालाही सांगता येणार नाही. ज्यानं जॉब लावला त्यानंच चावी काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची, असा वर्कशॉपचा नियम होता. एका लेथवर दोघं असायचे. एकानं जॉब लावायचा, दुसऱ्यानं मशीन चालवायचं.

नववीचं वर्ष होतं, दिवाळीनंतरचे दिवस. त्या दुपारी जॉब मी लावला होता.

वर्कशॉपमध्ये नवा व्हर्निअर एकच आला होता, बाकीचे जुने, झिजलेले. ज्याला नवा मिळे त्याचं माप बिनचूक येई. मी चावी पिळत होते आणि समोरून दोन मुलं कपाटाकडे निघालेली मला दिसली. हा जॉब मार्कांचा होता. मी चावी तशीच सोडली आणि कपाटाकडे धावले. चावी चकच्या पलीकडच्या अंगाला होती, रंजना उभी होती तिथून ती दिसायची नाही.

मी कपाटाशी पोचले असेन-नसेन. मागून रंजनानं विचारलं, "सुलभा, चावी काढलीस ना?"

मी म्हणाले, "हो."

मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. व्हर्निअरची पेटी माझ्या हातात आली होती ना, मी त्यातच होते. मला वाटलं होतं का की मी चावी काढली? इतकी वर्षं मी हे स्वतःला विचारते. नाही. मला काहीच वाटलं नव्हतं. तिनं विचारलं, मला तिला गप्प करायचं होतं, म्हणून मी हो म्हणाले.

रंजनानं मोटर सुरू केली.

आधी ठणकन आवाज झाला. मग शेजारच्या बेंचवर काहीतरी आपटलं. मी वळले तेव्हा पेडणेकर सर दोन्ही हातांनी तोंड धरून खाली बसत होते आणि त्यांच्या बोटांमधून रक्त येत होतं. जबडा मोडला होता. पुढचे चार दात गेले. रंजनानं मशीन बंद केलं, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून सरांच्या तोंडाला लावली, आणि पोरांना ओरडून सांगितलं की रिक्षा आणा. ती सगळं करत होती. मी व्हर्निअरची पेटी घेऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी दोघींना बोलावलं, दोघींच्या वडिलांनाही. माझ्या बाबांना खुर्ची दिली गेली. रंजनाचे वडील दाराशी उभे राहिले. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही, आणि ते मागूनही घेणार नव्हते, कारण खुर्चीत त्यांच्या कारखान्यातला साहेब होता. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही – हेही सांगून टाकते.

रंजना म्हणाली, "मी सुरू करायच्या आधी विचारलं होतं."

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "हिनं तुला विचारलं होतं?"

काय होतं एवढं? फार तर ओरडा बसला असता. बाबा आठ दिवस बोलले नसते. पण त्या क्षणी मला फक्त सरांची ती रक्तानं भरलेली बोटं दिसत होती, आणि ते आपल्यामुळे झालं असं या सगळ्यांनी आपल्याकडे बघत म्हणायचं – ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही, सर. मी कपाटाशी होते."

रंजना माझ्याकडे बघत राहिली. ती चिडेल, मला खोटारडी म्हणेल म्हणून मी अंग चोरून उभी होते. ती म्हणाली, "आवाज फार असतो तिथं. हिला नसेल गेलं ऐकू."

मला वाचवायला म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. मी खोटं बोलेन हे तिच्या मनातच येत नव्हतं.

तेव्हा तिचे वडील पहिल्यांदा बोलले. आवाज अगदी हळू. "साहेब, एक विचारू का? जॉब कोणी लावला होता?"

त्या खोलीत लेथवर आयुष्य काढलेला तो एकच माणूस होता, आणि त्यानं नेमकं तेच विचारलं. पण हेडमास्तर उत्तर द्यायच्या आधी बाबा म्हणाले, "आता जॉब कोणी लावला याला काय अर्थ आहे? बटण कोणी दाबलं ते बघा. आणि माझी मुलगी खोटं बोलत नाही."

रंजनाच्या वडिलांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तुटलेला तुकडा हातात घेऊन तो कुठून तडकला असेल हे बघावं, तसं बघितलं. मग मान खाली घातली.

रंजनाला वर्ष अर्ध्यावर असताना टेक्निकलमधून काढून साध्या तुकडीत टाकलं. पुढच्या वर्षापासून मुलींना वर्कशॉप बंदच केलं. माझं नाव मात्र राहिलं, हिचं तरी वर्ष वाया जाऊ नये म्हणून. सर दोन महिन्यांनी आले, नवे दात लावून. त्यांचा 'स' शीळ घातल्यासारखा यायचा आणि पोरं मागून नक्कल करायची. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त मी जॉब लावायला घेतला की येऊन शेजारी उभे राहायचे आणि चावी खिळ्याला लागली की निघून जायचे. त्यांना माहीत होतं का? कोण जाणे. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

दहावीला टेक्निकलमध्ये मी पहिली आले. पहिली यायला समोर कोण होतं?

रंजना आणि मी बोलायचं थांबवलं असं काही झालं नाही. तुकड्या वेगळ्या झाल्या, डबे वेगळे झाले. शाळा संपली आणि ती मला दिसेनाशी झाली. मला बरंच वाटलं.

मग बारा-तेरा वर्षांनी ती भेटली. मी पडद्याचं कापड बघायला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेले होते. दुकानात कापड मापून देणारी बाई मान वर करून म्हणाली, "सुलभा ना गं तू?" तिनं सिंधी मालकाला हाक मारून सांगितलं, "सेठ, दस मिनट," आणि मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेली. लग्न झालं होतं, वांगणीला घर घेतलं होतं. वडील गेले होते. माझ्या नोकरीबद्दल तिनं सगळं विचारलं, अगदी कौतुकानं. मुलींच्या शाळेत मी भाषण करते हेही तिला कुठूनसं कळलं होतं.

मग म्हणाली, "बरं झालं भेटलीस. माझ्या भाचीला जरा समजव. मी सांगून थकले."

तिची भाची दहावी झाली होती, चामटोलीला राहायची, आणि तिला आयटीआयला जायचं होतं. टर्नरला. आजोबांचं काम. आई-वडील तयार होते. पण ते रंजनाच्या शब्दाबाहेर नव्हते, आणि रंजना नको म्हणत होती.

मी म्हणाले, "जाऊ दे की तिला. आता मुली जातात."

"तुझं ठीक आहे गं. तू पहिल्यापासून सावध. आमच्या रक्तातच धांदल आहे." ती हसली. "अजून मी घरातून निघताना गॅस तीन-तीनदा बघते. नवरा वैतागतो. पण काय करू? त्या दिवशी नुसतं विचारलं असतं ना मी तुला, की चावी काढलीस का. एवढंच. सरांचं तोंड वाचलं असतं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मी म्हणाले, "तू विचारलं होतंस असं म्हणाली होतीस तेव्हा."

"घाबरून म्हणाले गं. लहान होते. नंतर खूप आठवून बघितलं. तुला ऐकू आलं नाही म्हणजे मी विचारलंच नसणार. तू कशाला खोटं सांगशील?"

कळतंय का तुम्हाला? मी तिचं टेक्निकल हिरावलं होतं, पहिला नंबर घेतला होता, हे मला माहीत होतं. तिच्या आठवणीतलं खरंही मी काढून घेतलं होतं, हे मला त्या टपरीवर कळलं. चहाचा ग्लास हातात होता. ती समोर बसली होती, तिच्या खांद्यावर मापाची टेप होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं – विचारलं होतंस, आणि मी हो म्हणाले होते.

मी म्हणाले, "जुनं झालं ते. सोड."

तिनं भाचीचा पत्ता एका कागदावर लिहून दिला. म्हणाली, "तू इंजिनियर बाई, तुझं ऐकेल ती. दुसरं काहीतरी घे म्हणावं." मी हो म्हणाले. कागद पर्समध्ये ठेवला. बदलापुरातून चामटोली किती लांब, रिक्षानं गेले असते. त्या मुलीला फॉर्म भर म्हणून सांगता आलं असतं. रंजनाला घेऊन तिच्यासमोर सगळं सांगता आलं असतं. प्रवेशाची शेवटची तारीख मला माहीत होती, आमच्या ऑफिसात आयटीआयच्या मुलांचे अर्ज यायचे. शनिवार होता तो. मला सुट्टी होती. मी घरी होते, पडदे शिवायला टाकायचे म्हणून दिवसभर खिडक्यांची मापं घेत होते.

त्या मुलीनं फॉर्म भरला नाही.

रंजना अजून वांगणीलाच आहे. आम्ही सणासुदीला फोनवर बोलतो. फोन तीच करते.