तीन सीलबंद पाकिटं

आई जुलैमध्ये गेली. परदेशातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे अर्ज सप्टेंबरात उघडतात. त्या वर्षी ते भरायचे नाहीत असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं. एका सकाळी बाबांनी चहा गाळता गाळता विचारलं, "तुझे ते फॉर्म सुटले का?"

"सुटले असतील."

"असतील म्हणजे? बघ की."

मी बघितलं. मला नाही म्हणायलाही त्राण लागलं असतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

आम्ही बदलापूरला शिरगावात राहतो, आता दोघंच. बाबा अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं प्रॉडक्शन ऑफिसर होते. मी उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात इतिहासात एम.ए. केलं, तिथेच तासिका तत्त्वावर शिकवते. फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पांत येऊन पडलेल्या बायकांनी घरच्या घरी जी कामं सुरू केली, पापड, शिवण, मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे, त्यावर मला काम करायचं होतं. हे मी आईशी इतक्यांदा बोलले होते की तिला माझ्या विषयाचं शीर्षक पाठ झालं होतं. शेजारणींना ती ते इंग्रजीत म्हणून दाखवायची आणि पुढच्या प्रश्नाची वाट न बघता आत जायची.

अर्जात सगळ्यात आधी एसओपी लागतं, म्हणजे आपल्याला काय शिकायचंय आणि का, याचं दोन पानी निवेदन. बाबांच्या कारखान्यात एसओपी म्हणजे यंत्र कसं चालवायचं त्याची लेखी पद्धत. ते म्हणाले, "त्यात काय, एक, दोन, तीन असं लिहायचं. आधी व्हॉल्व्ह बंद, मग मोटर." मी हसले. आई गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

पण ते लिहून होत नव्हतं. एका विद्यापीठाला याखेरीज आणखी एक निबंध हवा होता. तुमच्या आयुष्यातल्या एखाद्या मोठ्या अडचणीबद्दल लिहा आणि तिने तुम्हाला काय शिकवलं ते सांगा, पाचशे शब्दांत. मी आईच्या आजारपणाबद्दल लिहायला बसले. साडेतीनशे शब्द झाले. वाचून बघितलं तेव्हा त्यात आई नव्हती. एक धीराची मुलगी होती, दवाखान्यातल्या बाकावर बसून पुस्तक वाचणारी. ते खोटं नव्हतं, मी खरंच वाचत होते. पण कुणाला तरी दाखवण्यासाठी वाचत असल्यासारखं ते उतरलं होतं. मी ते पुसलं आणि शहरात संशोधनाला उपयोगी वाचनालय नसण्याच्या अडचणीबद्दल लिहिलं. ती अडचण मला काही शिकवून गेली नव्हती, त्यामुळे लिहायला सोपी गेली.

मग शिफारसपत्रं. माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "तूच लिहून आण गं, मी सही करते. मला तुझं सगळं माहितेय, पण लिहायला वेळ कुठाय?" आमच्याकडे असंच चालतं, त्यात त्यांचा काही दोष नाही. आठवडाभर मी स्वतःची स्तुती करत होते. 'माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात इतकी चिकाटीची विद्यार्थिनी मी पाहिलेली नाही', हे वाक्य लिहून मी उठले आणि दोन दिवसांची साठलेली भांडी घासली. बाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "फारच कोरडं लिहिलंयस. जरा वाढव."

"तुम्हीच वाढवा ना मॅडम."

"बघू," म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच एक ओळ वाढवली. मी वर्गात कधी पहिल्यांदा बोलत नाही, पण शेवटी बोलते तेव्हा बाकीचे वही उघडतात, अशी. ती ओळ मला सुचली नसती.

दोन विद्यापीठांना सगळं ऑनलाइन चालत होतं. माझ्या मनातलं विद्यापीठ, माझ्याच विषयावर काम करणाऱ्या प्राध्यापिका जिथे होत्या ते, मात्र गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती कागदावर मागत होतं. बी.ए.चं, एम.ए.च्या पहिल्या वर्षाचं आणि दुसऱ्या वर्षाचं, अशी तीन पाकिटं. कॉलेजने ती बंद करायची, झाकणावर आडवी सही करायची, त्या सहीवर शिक्का मारायचा. विद्यार्थ्याने ती उघडायची नाहीत, अशी वर सूचनाही. उघडली की बाद. पंधरा डिसेंबरच्या आत ती तिथे पोचायला हवी होती.

कॉलेजच्या परीक्षा विभागात एक सिंधी मॅडम आहेत. माझ्या बी.ए.पासून त्या त्याच खुर्चीत आहेत. त्यांच्याकडे अठरा दिवस चकरा मारल्यावर पाकिटं मिळाली. देताना त्या म्हणाल्या, "हे बघ बेटा, खोलना मत. मागच्या वर्षी एकाने स्पेलिंग चेक करायला उघडलं. सगळं परत."

"नाही उघडणार, मॅडम."

मी ती बॅगेत सपाट ठेवून घरी आणली आणि टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळचे तास होते. दुपारी येऊन कुरियर करायचं असं ठरवलं आणि तशीच गेले. पाकिटांबद्दल बाबांना मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

परत आले तेव्हा घरात उदबत्तीचा वास होता. देव्हाऱ्यात तीन गुणपत्रकं एकावर एक ठेवलेली होती. प्रत्येकाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट, त्यावर अक्षता. शेजारी रिकामी पाकिटं. सुरीने नीट कापलेली, क्लिप लावलेली. बाबांना फाडलेलं काही आवडत नाही.

घरात कुठलाही निकाल आला की आई आधी तो देवापुढे ठेवायची. चौथीच्या स्कॉलरशिपपासून. कुंकू लागल्याशिवाय ती तो बाबांच्याही हातात देत नसे. बाबांचा देवाशी फारसा संबंध नव्हता. आई गेल्यावर, सुतक फिटल्यावर, त्यांनी पूजा सुरू केली होती. चुकू नये म्हणून आधी काय, मग काय हे एका वहीत लिहून घेतलं होतं. हे निकालाचं त्यांच्या वहीत नव्हतं. ते त्यांना आपोआप आठवलं होतं.

ते बाहेरच्या खोलीतून आले. चेहरा मोकळा होता, किती दिवसांनी. म्हणाले, "ठेवले बरं का. राहून गेलं असतं."

मी म्हणाले, "बाबा, ही उघडायची नव्हती."

"का?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मग पाकिटं हातात घेऊन म्हणाले, "चिकटवून देतो. व्यवस्थित गोंद लावला तर कुणाच्या बापाला कळणार नाही."

"सही कापली गेलीय, बाबा. आणि कुंकू? ते कसं काढणार?"

"कुंकू ओल्या कापडाने..."

"तुम्ही हात लावू नका आता कशाला." आणि मग मी नको ते बोलले. "आईने असं कधी केलं नसतं. मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं सांगा ना सरळ."

त्यांनी पाकिटांची क्लिप काढली, परत लावली. मग आत गेले.

मी बोलले ते खोटं होतं, हे बोलतानाच मला ठाऊक होतं. आईने हेच केलं असतं, आणि तिला मी फार तर 'अगं आई' म्हणाले असते. पण बोललेलं मागे घ्यायलाही काहीतरी लागतं. शनिवार गेला, रविवार गेला. आम्ही जेवलो. मीठ कमी आहे, दूध संपलंय, एवढंच बोललो. मी एकदा लॅपटॉप उघडून ते विद्यापीठ यादीतून काढून टाकायला बसले. मग तेही केलं नाही.

सोमवारी बाबा सकाळी लवकर निघाले. म्हणाले, "गोळ्या आणायच्यात." मी साडेदहाला तास संपवून खाली आले तर सिंधी मॅडमचा फोन. "अरे, तुझे पपा आलेत इथे. नऊपासून बसलेत. चहा पण नाही घेत. ये जरा."

परीक्षा विभागाच्या बाकावर बाबा बसले होते. कारखान्यात जाताना घालायचे तो फिकट निळा शर्ट, मांडीवर फाइल. मला बघून उठले, जसं वरिष्ठ आल्यावर उठतात. मला ते बघवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "हे वाच. अंकलने अर्ज दिलाय."

पूर्ण पानभर, बाबांच्या सरळ अक्षरात. विषय: सीलबंद पाकिटे अनवधानाने उघडली गेल्याबाबत. खाली लिहिलं होतं की, सदर पाकिटे माझ्या मुलीने उघडलेली नसून मी उघडली आहेत. माझी पत्नी हयात असताना प्रत्येक निकाल ती देवापुढे ठेवत असे. तिच्या पश्चात ते काम माझ्याकडे आले. पाकिटावरील सूचना मी वाचली होती, परंतु ती आमच्या घराला लागू होईल असे मला वाटले नाही. चूक संपूर्णपणे माझी आहे. मुलीचे नुकसान होऊ नये.

माझ्या निवेदनाचे तोवर सात मसुदे झाले होते. त्यातल्या कशातही इतकं सरळ वाक्य नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "मी बोलली अंकलना, अर्ज कशाला, तोंडी सांगा. तर म्हणतात, रेकॉर्डला पाहिजे. ऐसा आदमी मैंने पहली बार देखा." मग माझ्याकडे वळून, "अठरा दिवस नाही लावत. पण प्रिन्सिपल सर बुधवारी येणार, त्यांची सही लागते. बुधवारी संध्याकाळी घेऊन जा. आणि इथूनच कुरियरला टाक, घरी नेऊच नको."

"घरी नेणारच नाही," बाबा म्हणाले. मॅडम हसल्या. बाबा हसले नाहीत.

बुधवारी आम्ही दोघं गेलो. बाजारात जीन्सची बटणं विकणाऱ्या दुकानाशेजारी कुरियरवाला आहे, तिथे पाकिटं दिली. बाबांनी पत्ता दोनदा ताडून बघितला. मग रोज मोबाइलवर बघायचे, कुठवर आलं. दुबईत दोन दिवस अडकलं तेव्हा मला वर्गात मेसेज आला, 'अजून दुबईतच.' सोळा डिसेंबरला ते पोचलं. एक दिवस उशिरा. मी विद्यापीठाला मेल केला. उत्तर आलं की तुमची कागदपत्रं मिळाली आहेत. उशिराबद्दल त्यात काही नव्हतं, ना चालेल असं, ना चालणार नाही असं.

मार्चमध्ये शेवटचा निकाल आला. दोन ठिकाणांहून नकार फेब्रुवारीतच आला होता. हे तिसरं. 'या वर्षी अर्ज करणाऱ्यांची गुणवत्ता असामान्य होती', वगैरे. रविवार होता, बाबा भाजी निवडत होते. मी त्यांना वाचून दाखवलं.

त्यांनी हातातल्या शेंगेची शीर काढली. मग विचारलं, "पाकिटामुळे?"

"नाही, बाबा."

"तसं लिहिलंय का?"

"कारण लिहीत नाहीत ते."

"असं कसं? आम्ही मुलाखतीत माणूस नाकारला तरी फाइलला कारण लिहायचो. 'अनुभव कमी', 'उंचीची भीती', काहीतरी. नुसतं नाही म्हणजे काय?"

पाकिटामुळे नसेल हे मला माहीत नव्हतं, आजही नाही. नसेलच बहुधा. तिथे शेकडो अर्ज येतात आणि पाच-सहा जणांना घेतात. पण बाबांच्या मनात तो उशिराचा एक दिवस राहणार होता आणि माझ्या मनात दुसरा, शनिवारचा. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि शेंगा ओढून घेतल्या.

"बाबा, मी त्या दिवशी बोलले ते खरं नव्हतं. आईने पण उघडलीच असती."

त्यांनी विचार केला. खरोखरच केला, दोन-तीन शेंगा होईपर्यंत.

"उघडली असती," ते म्हणाले. "पण तिने आधी तुला विचारलं असतं."

"आणि मी नको म्हटलं असतं."

"आणि तरी उघडली असती."

"हो."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि निवडलेल्या शेंगा धुवायला उठले.