एरंडेलाचा धूर

शाळा सुटली की मेश्राम सर शाळेमागच्या झाडाखाली आपली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल किक मारून चालू करायचे, आणि तिच्यावर बसायचं सोडून तिच्या मागे स्टूल टाकून बसायचे. निळसर धूर तोंडावर घेत, डोळे मिटून. नागभीडजवळच्या त्या शाळेत मी गणिताचा मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. गाडी बिघडली असेल असं समजून मी चौकशी केली, तर डोळे न उघडताच म्हणाले, "नाई सर. अगरबत्ती लावून राह्यलो."

ते चित्रकलेचे शिक्षक. उंच, वाळके, शर्टाला रंगापेक्षा ऑइलचे डाग जास्त. या उन्हाळ्यात ते गेले. बातमी कळली तेव्हा मी गव्हाचं पोतं ऊन दाखवायला गच्चीवर नेत होतो. फोन ठेवला आणि ते पोतं वर नेऊन पसरवलं. आपल्याला रडू येईल याची मी वाट पाहिली. आलं नाही, अजूनही आलेलं नाही. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस गेला आणि आत काही हललंच नाही, याचंच नवल वाटत राहतं.

आमच्याकडे धान निघून भाताच्या बांध्या मोकळ्या झाल्या की शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सरांच्या तरुणपणी याच पटाच्या धावपट्टीवर दुपारी मोटारसायकली पळायच्या. बैल बुजतात म्हणून गावच्या म्हाताऱ्यांनी नियमच घातला होता. सगळ्या जोड्या तळ्याच्या मातीच्या उंच पाळीपलीकडे नेऊन बांधायच्या आणि तिकडून कोणीतरी शेला हलवून दाखवला, की मगच गाड्या चालू करायच्या. तोवर पोरं किकवर पाय ठेवून ताटकळत उभी. शेला हलला की सायलेन्सरची जाळी काढलेल्या गाड्या एकदम ओरडायच्या आणि तळ्यावरचे बगळे उडून जायचे. मी तिथे आलो तेव्हा त्या शर्यतींची शेवटची काही वर्षं उरली होती. सर तेव्हाही पळवायचे, पन्नाशीकडे झुकलेले असूनही.

मला त्यातलं काही कळत नसे. कोण पुढे, कोण मागे, धुळीत दिसायचंच नाही. मी तक्रार केली तर सरांनी मला समजावलं, "डोयानं नाई पाहाची सर शर्यत. कानानं पाहाची अन् नाकानं ठेवाची."

नाकानं ठेवायचं ते एरंडेल. जुनी मंडळी पेट्रोलमध्ये एरंडेल तेल मिसळायची. त्यानं इंजिन तापलं तरी टिकतं, असं ते म्हणत. पण खरं कारण तो वास होता, याबद्दल मला शंका नाही. सर हे तेल किराणा दुकानातून इतकं आणायचे, की मेश्रामांच्या घरात कोणाचंच पोट साफ होत नाही अशी त्या दुकानदाराची पक्की समजूत झाली होती. त्यानं एकदा आपणहून त्रिफळा चूर्णाची पुडी बांधून दिली. सरांनी ती निमूटपणे घेतली.

एका वर्षी ऐन पटाच्या आदल्या दिवशी दुकानातलं एरंडेल संपलं. सरांनी घरातलं टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, पेट्रोलमध्ये ओतलं. तेलाला तेल, त्यात काय, असं त्यांना वाटलं. हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं, हे आमच्या झाडीपट्टीतल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. सरांनी विचारलं नाही. पौषातली कडक थंडी. गाडी निम्म्या पट्टीपर्यंत गेली, खोकली आणि उभी राहिली. मागे राहिला तो वड्यांच्या घाण्याचा वास. पाळीवर बसलेल्या बाया कोणाकडे पाहुणे आलेत म्हणून एकमेकींना विचारू लागल्या. सर गाडी ढकलत परत आले आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसले.

त्यांच्या पत्नी शालूबाई मात्र या प्रकाराला कधी हसल्या नाहीत. गाडीजवळून आलेल्या नवऱ्याला त्या अंगणातच थांबवायच्या. आंघोळ तिथेच, कपडे तिथेच, मग घरात पाऊल. "मले हा वास नाई चालत," एवढंच त्या म्हणायच्या. सर खाली मान घालून अंगावर पाणी ओतायचे आणि माझ्याकडे पाहून डोळा मारायचे. आंघोळ करूनही तो वास त्यांना सोडत नसे. स्टाफरूममध्ये आम्हाला त्याची सवय झाली होती.

पुढे कोर्टाच्या हुकुमानं पट बंद पडले, बैलांबरोबर गाड्याही गेल्या. सर निवृत्त झाले आणि त्यांची अगरबत्ती शाळेमागून घरामागे गेली. मग ते तापाचं वर्ष आलं. सर दवाखान्यातून बरे होऊन घरी परतले, एवढंच आम्हाला माहीत होतं. एकदा मी भेटायला गेलो. शालूबाई बाहेर गेल्या होत्या. सर गॅसजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते आणि शेगडीवर दूध करपून पातेलं काळं पडलं होतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. सरांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तापात नाक गेलं होतं आणि ते परत आलं नव्हतं. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मला घेऊन ते घरामागे गेले, गाडी चालू केली, धुरात उभे राहिले. "धूर दिसते, बस्," म्हणाले आणि चावी फिरवली. त्यानंतर गाडीवर पोतं पडलं. आवाज तर तोच आहे, असं मी म्हणून पाहिलं. बिनवासाचा आवाज टीव्हीवरही ऐकू येतो, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. जेवणाबद्दल, फुलांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांना तेवढा एक वास परत हवा होता.

पट पुन्हा सुरू झाले त्या वर्षी गावातल्या पोरांनी सरांना जुनी गाडी घेऊन बोलावलं. सर लगेच तयार झाले. मैदानावर गेलं, धूळ उडाली, की नाक उघडेल, अशी त्यांना आशा होती. हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. स्वतःच्या हातानं एरंडेल ओतलं. पलीकडून शेला हलला. सर पट्टीच्या टोकापर्यंत गेले, वळून आले. सगळ्या मैदानावर तो वास पसरला. म्हातारी माणसं बोलायची थांबली.

सर माझ्यापाशी येऊन थांबले. "आला का वास?"

आला, सगळ्यांना आला, मी म्हणालो.

"कसा आला?"

एरंडेलाचा, पेट्रोलचा, असं काहीबाही मी सांगू लागलो. ते त्यांना माहीतच होतं. त्यांनी मान फिरवली. पाण्याचा गडवा घेऊन शालूबाई आल्या होत्या. गडवा त्यांनी हातातच ठेवला.

"लगन झालं तवापासून तुमच्या उशीले हाच वास हाय," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, उशी कोरी हाय. आज आला. तुमचा आला."

सर गाडीवरून उतरले. मग गडवा घेऊन पाणी प्यायले. "मंग ठीक हाय," म्हणाले, "एकाले तं येते."

नाक शेवटपर्यंत आलं नाही. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते गाडी चालू करत, घराच्या दाराशी, अंगणात. स्वतः आत जाऊन पेपर वाचत बसत. शालूबाई दारात तांदूळ निवडत बसायच्या. अंगणातली आंघोळही बंद झाली.

सरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक जेवून गेले, तेव्हा शालूबाईंनी मला थांबवलं. गाडी चालू करून देता का, म्हणाल्या. मला नीट जमत नव्हतं. बऱ्याच किक मारल्यावर ती लागली. अंगणात धूर भरला. तोच वास, जसाच्या तसा, माझ्याही ओळखीचा. शालूबाई दारात उभ्या होत्या. पदर नाकाला लावलेला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहत होतो.

थोड्या वेळानं त्यांनी हात हलवला. "बंद करा सर," म्हणाल्या. "आता नुसता गाडीचाच येते."

मी चावी फिरवली.