औषध मारलेलं शेवाळ

एक सांगा. अमक्यानं औषध घेतलं अशी बातमी सकाळी दारात आली, तर तुम्ही 'आता बरं आहे का' असं विचारता, की 'वाचला का' असं विचारता?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे 'वाचला का' असंच विचारतात. दवाखान्यातून आणलेली तापाची गोळी औषध. भेंडीवर फवारतात तेही औषध. डब्यावर कवटी छापलेली असते, तरी आम्ही औषधच म्हणतो. मी शब्दांवर चिडणारी बाई आहे. त्याला बाबा जबाबदार आहेत. सभांमधून ते पत्रकं आणायचे, गुलाबी, पिवळी, शाई हाताला लागणारी. मी बाराखडीच्या आधी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचायला शिकले. कॉलेजात गेल्यावर तशी पत्रकं स्वतः लिहायला लागले. इतकं असूनही या एका शब्दानं मला फसवलं, आणि त्याची भरपाई माझ्या आईच्या झिंग्यांनी केली.

तानशाच्या बाजूला, आमच्या बौद्धवाडीच्या खालून एक वहाळ जातो. धरण जवळ, पाणी मुंबईला, आणि वाडीच्या विहिरीत उन्हाळ्यात बादली घासत वर येते. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर माझं पत्रक आहे. वहाळात मात्र दगडांच्या आडोशाला पाणी टिकायचं आणि त्यात बोटाच्या पेराएवढे झिंगे असायचे. आई जुन्या पातळाचा तुकडा दोन्ही हातांनी पाण्याखाली धरून ते पकडायची. कांदा, मसाला, थोडी चिंच, आणि भाकरी. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं होतं.

एकदा तिनं पकडलेल्यातले थोडे एका बरणीत ठेवले. का, ते तिलाही सांगता आलं नाही. बरणी खिडकीत होती आणि ऊन आरपार जात होतं. झिंगे काचेसारखे, आतलं सगळं दिसत होतं. ती स्वयंपाक सोडून बघत बसली. माझ्या आईला मी तोवर काहीही न करता बसलेलं पाहिलं नव्हतं. अंगणवाडीत मदतनीस, घरी आल्यावर शेणगोठा, मग चूल. म्हणून मी शहापूरच्या काचवाल्याकडून एक टाकी चिकटवून घेतली. तेव्हा मी जीवशास्त्र शिकत होते आणि मला वाटायचं की मला सगळं कळतं.

टाकीत अकरा झिंगे होते. आई त्यांना उकडलेल्या पालकाचा तुकडा द्यायची आणि रोज मोजायची. पाणी वहाळाचंच, कारण विहिरीत पंचायतीची माणसं पावडर टाकून जायची आणि त्या पाण्याला तरणतलावासारखा वास यायचा. शेजारची म्हातारी रोज येऊन विचारायची, "काय गो, कालवणाजोगे झाले का?" आई म्हणायची, अजून नाय. म्हातारी म्हणायची, सुकट पाळणारं घर पहिल्यांदा बघितलं. वाडीभर हा विनोद फिरला. बाबांना कुणी एसटी स्टँडवर विचारलं की तुमच्याकडे बोंबीलही पाळलेत का.

आणि एका सकाळी आईनं मला हाताला धरून टाकीपाशी नेलं. सगळ्यांत मोठ्या झिंगीच्या पोटाखाली हिरवट दाण्यांचा झुबका होता. पाय हलवून ती त्याला सारखा वारा घालत होती.

"पोटुशी हाय," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. अंगणवाडीत तिनं असंख्य बायकांची वजनं केली होती, पण हे तिच्या घरात, तिच्या काचेत होतं.

मी वाचलेलं सांगितलं. तीन-चार आठवड्यांत पिल्लं सुटतील, मुंगीपेक्षाही लहान. उघड्या टाकीत मोठे झिंगे त्यांना मुद्दाम खाणार नाहीत, पण लपायला आणि चरायला दाट शेवाळ नसेल तर ती जगणार नाहीत. आमच्या टाकीत तर दोन दगड आणि एक नारळाची करवंटी. तेव्हा शेवाळ हवं होतं, आणि ते वेळेत हवं होतं.

मी जीपने कल्याणला गेले, तिथल्या एका मासे विकणाऱ्या दुकानदाराला विचारायला. त्याच्याकडची झाडं महाग होती आणि पिवळी पडलेली होती, पण सल्ला त्यानं फुकट दिला. म्हणाला, कुठूनही आण, पण आणल्या आणल्या टाकीत घालू नको. वेगळ्या बादलीत तीन आठवडे ठेव. एक दिवस आड सगळं पाणी बदल. माशाला चालेल ते झिंग्याला चालत नाही. जिथून आणशील तिथे काय फवारलंय ते विचार. मी मान हलवली. तीन आठवड्यांचा हिशोब केला तर पिल्लं आणि शेवाळ एकाच सुमारास तयार होणार होतं. जमण्यासारखं होतं.

शेवाळ आणलं आत्यानं. बाबांची ही बहीण वैशाखऱ्याला दिलेली, भेंडी-काकडी करणारी, बोलायला लागली की एसटी थांबवून बोलणारी. मुरबाडहून किन्हवलीमार्गे दोन गाड्या बदलून ती आली. हातात भेंडीची पिशवी, आणि दुसऱ्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं हिरवंगार, बारीक पानांचं शेवाळ. त्यांच्या बांधाखालच्या डबक्यातलं. मी विचारलं, आत्या, कुठून घेतलंस, स्वच्छ आहे ना? आत्या दुखावली.

"वयनी, बिनधास्त टाका," ती आईकडे वळून म्हणाली. "एकदम साफ हाय. आमच्यात औषध मारलेलं असतं. एक किडा दिसायचा नाय."

हे वाक्य मी ऐकलं. माझ्या कानात गेलं. 'औषध' आणि 'साफ' हे दोन शब्द एका वाक्यात आले आणि मला काहीही खटकलं नाही. मी शेवाळ बादलीत घातलं ते दुकानदारानं सांगितलं म्हणून, शंका आली म्हणून नव्हे.

मग सुरू झाले सल्ले. म्हातारी म्हणाली, हळद टाक. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, लाल पावडर टाक, पाणी फिकं गुलाबी होईल इतकीच. चुलतभाऊ म्हणाला, मीठ. मीठ टाकलं तर शेवाळाची भाजी झाली असती. शेवाळाला बारक्या गोगलगायी होत्या, म्हणून मी तुरटी वापरली. बादलीभर पाण्यात चमचाभर, दोन तास, आणि मग तीनदा धुणं. गोगलगायी गळून पडल्या. मला माझाच अभिमान वाटला.

त्या गोगलगायींनी मला आणखी एक थाप मारली होती. त्या जिवंत आल्या, म्हणजे डबक्याचं पाणी चांगलं, असं मी धरलं. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीनं असं धरलं. किडे मारायचं विष गोगलगायीला फारसं काही करत नाही. ते किड्यांना मारतं, आणि झिंगा हा किड्यांच्याच कुळातला, सांध्यासांध्यांच्या पायांचा. बघायचं होतं ते दुसरंच. डबक्यातल्या शेवाळात चतुराची अळी असते, पाणकिडे असतात. आमच्या बादलीत यातलं एकही नव्हतं. आत्यानं तर ते कौतुकानं सांगितलंही होतं. तुरटीनं गोगलगाय मरते. पानात मुरलेलं विष तुरटीनं जात नाही. ते गेलंच तर पाणी बदलत राहून आणि दिवस जाऊ देऊन जातं.

दिवस मी जाऊ दिले नाहीत.

रविवारी आमच्या ओटीवर अभ्यासवर्ग भरायचा. सात-आठ पोरंपोरी, बाबांचा काळा चहा, आणि कुणीतरी आणलेली पुस्तिका. त्या आठवड्यात मी माझं नवं पत्रक वाचून दाखवणार होते. विषय होता बायकांना चार दिवस बाहेर बसवण्याची चाल. आमच्या वाडीनं ती कधीच सोडली, असं भाषणात म्हणायचं आणि घरोघरी कोपऱ्यातली गोधडी वेगळी ठेवायची, यावर मी तिखट लिहिलं होतं. सगळे ऐकत होते. वर्गात मुरबाडचा एक मुलगा यायचा. तो चांगला वक्ता होता आणि त्याचं मत मला नको इतकं महत्त्वाचं वाटायचं. पाणी प्यायला तो मागच्या पडवीत गेला आणि परत येऊन म्हणाला, ती झाकलेली बादली कसली. मी सांगितलं. शेवाळ आहे, तीन आठवडे वेगळं ठेवायचं आहे, तोवर टाकीला लावायचं नाही, त्या बादलीचा मगसुद्धा वेगळा आहे.

त्याला किती छान वाक्य सापडलंय ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"म्हणजे शेवाळाला तुम्ही बाहेर बसवलंय," तो म्हणाला. "मगसुद्धा वेगळा. सोवळं कडक आहे तुमच्या घरात."

सगळे हसले. बाबाही हसले. मीही हसले, पण माझे कान तापले. हातात पत्रक, आणि पडवीत वेगळा मग. तेव्हा त्याला एक साधं उत्तर देता आलं असतं. माणसाला वेगळं ठेवतात ते त्याच्यात काही नसताना. शेवाळाला वेगळं ठेवतात ते त्याच्यात विष असताना. एवढंच. हे उत्तर मला आठ दिवसांनी सुचलं. त्या दुपारी नाही सुचलं.

संध्याकाळी वर्ग उठला. बादलीला तेव्हा नऊ दिवस झाले होते. आई विहारात गेली होती. झिंगीच्या अंड्यांमध्ये काळे ठिपके दिसायला लागले होते. ते डोळे असतात, म्हणजे पिल्लं जवळ आली. मी स्वतःला सांगितलं की आता थांबण्यात अर्थ नाही, तुरटी केली आहे, चार वेळा पाणी बदललं आहे, पिल्लांना आसरा हवा आहे. हे सगळं खरंच होतं. पण मी ते शेवाळ उचललं ते त्या वाक्यामुळे. आईला विचारलं नाही. टाकी मात्र फार सुंदर दिसली. आई आली, तिनं बघितलं, म्हणाली, झाले का तीन आठवडे? मी म्हटलं, चालतं गं. ती बघत बसली.

सकाळी तिनं हाक मारली. झिंगे काचेवर आपटत गोल गोल फिरत होते, जसे कधी फिरले नव्हते. काही कुशीवर पडून नुसते पाय हलवत होते. मी शेवाळ उपसून काढलं. आई कळशी घेऊन अनवाणी वहाळाकडे धावली. तीन खेपा केल्या तिनं. आम्ही पाणी बदललं, हलणारे उचलून परातीत ठेवले. दुपारपर्यंत तीन उरले. तिन्ही नर.

पोटुशी झिंगी परातीतच गेली. शेवटपर्यंत ती पोटाखालचे पाय हलवत होती. मग तेही थांबले आणि अंड्यांचा झुबका सुटून परातीच्या तळाशी बसला. आईनं वाटीत वहाळाचं ताजं पाणी घेतलं आणि अंडी त्यात ठेवली. मला माहीत होतं की झिंगीच्या पायांचा वारा नसेल तर अंडी सडतात. दोन दिवस आई चमच्यानं हळूहळू ते पाणी ढवळत राहिली, अंगणवाडीला जायच्या आधी आणि आल्यानंतर. तिसऱ्या दिवशी अंड्यांवर पांढरी बुरशी आली.

म्हातारी आली. या वेळी ती कालवणाचं बोलली नाही. बाबा म्हणाले की आपण शेतीतल्या विषांवर एक पत्रक काढू. मला पहिल्यांदा पत्रकाचा राग आला. आत्याला आम्ही काही कळवलं नाही. ती आपली भाची शिकलेली म्हणून गावभर सांगते, आणि तिनं मला खरं तेच सांगितलं होतं.

मी आईला सगळं सांगितलं. वेगळ्या मगाचा विनोद, सगळे हसले ते, माझे कान. ती वाटी धूत होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"त्याची लाज वाटली तुला," ती म्हणाली. "माजी नाय वाटली?"

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. तिला काय पाहिजे होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ते मी एका पोराच्या वाक्यासाठी बुडवलं होतं.

पुढं ती महिनाभर वहाळावर गेली नाही. उरलेले तीन झिंगे खिडकीत फिरत राहिले. ती त्यांना पालक द्यायची, पण मोजायची नाही. मग एके दिवशी पातळाचा तुकडा घेऊन गेली आणि नऊ नवे घेऊन आली. वहाळाच्या वरच्या अंगाला, जिथं शेत नाही, तिथल्या दगडावरचं शेवाळही थोडं आणलं. ते तिनं स्वतः बादलीत घातलं आणि भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. दर सकाळी एक रेघ. एकविसावी रेघ ओढेपर्यंत तिनं कुणालाही त्या बादलीजवळ फिरकू दिलं नाही, मला तर नाहीच. त्या शेवाळात तिसऱ्या दिवशी चतुराची अळी निघाली. आईनं ती चिमट्यानं उचलून वहाळात सोडली. अळी जिवंत आहे म्हणून मला फार बरं वाटलं.

तुमच्या घरी काचेत झिंगे असतील आणि कुणी प्रेमानं हिरवं काही आणून दिलं, तर देणाऱ्याला तोंडावर विचारा की त्यावर काय मारलंय आणि कधी मारलंय. तो दुखावला तर दुखावू दे. मग ते वेगळ्या बादलीत ठेवा, एक दिवस आड पाणी बदला, आणि एकवीस दिवस पुरे होण्याआधी हात लावू नका. अंडी फुटायला आली असली, तरी लावू नका. कुणी हसलं, तर बादली तिथेच राहू द्या.