आजीचं ओरडणं

माझी आजी तोंडाने फटकळ, यावर आमच्या घराण्यात कुणाचंच दुमत नव्हतं. तिच्या गावाला, वडप्याच्या हायवेवर कंटेनरवाले हॉर्न देत असले तरी तिचा आवाज त्यांच्या वर ऐकू यायचा. तिथल्या एका गोदामाच्या ऑफिसात मला नोकरी लागली, पहिल्या पगारात मी पहिलावहिला मोबाइल घेतला आणि कल्याणचं घर सोडून आजी-आजोबांकडे राहायला गेले. तोवर त्यांना मी फक्त सुट्टीपुरती ओळखत होते, म्हणजे ओळखत नव्हतेच. पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर सलग राहिले आणि आठवड्याभरात माझं डोकं उठलं.

आजी दिवसभर आजोबांवर ओरडायची. “पाट भिंतीला लावलाय, दिसत न्हाय का?” “डाव्या बाजूला वांगं हाय, मधी भात. मासळीचा काटा काढलाय, उगा चिवडू नका.” “पोरगी आलीय कामावरनं, खिडकीजवळ खुर्चीत बसलीय, दोन शब्द बोला तिच्याशी!” आजोबा “गप गं” म्हणायचे आणि तिने सांगितलं तसंच करायचे. या बिचाऱ्या माणसाने जन्मभर हे कसं सोसलं असेल, असं मला वाटायचं. ऑफिसात मी तिची नक्कल करून दाखवायचे. “स्टेपलर उजव्या हाताला हाय, दिसत न्हाय का?” म्हटलं की सगळे पोट धरून हसायचे. ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या वर्षी भाताच्या झोडणीत धूळ खाऊन आजीचा घसा पार बसला. आठ-दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आवाज पहिल्यासारखा होईल की नाही, ते नंतर बघू म्हणाले. मी मनात म्हटलं, चला, देव पावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीच्या पाण्याची बादली स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि टॉवेल आणायला वळले. आजोबा पडवीतून आले. सरळ बादलीकडे बघत आले आणि त्यांनी बादलीतच पाय घातला. पाणी सगळीकडे झालं, आजोबा आडवे. नशीब, पाणी कोमटच होतं. मी धावत जाऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले. ते कसेबसे उठून बसले आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे तोंड करून कडाडले, “वाटंत बादली ठेवतात काय गं? अक्कल हाय का तुला?”

खुर्ची रिकामी होती. ते रिकाम्या खुर्चीला रागावत होते.

मी हात त्यांच्या डोळ्यांसमोर हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. मी आजीकडे पाहिलं, तर ती चुलीपाशी उभी होती आणि तिला कसलंच नवल वाटलेलं नव्हतं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

तिने मला हाताला धरून परसात नेलं. डॉक्टरांचं न ऐकता घोगऱ्या आवाजात कुजबुजली, “दोन वरसं झाली. काचबिंदू हाय. इलाज न्हाय.”

“आजोबांनी तुला सांगितलं?”

“न्हाय. मला ते मागनं डाक्टरकडनं कळलं. हे डोळं तपासून आले नि बोलले, चष्म्याचा नंबर वाढलाय. त्यांना वाटतं, मला म्हाईत न्हाय.”

एका घरात, एका चुलीवरचं जेवणारी ही दोन माणसं, आणि दोन वर्षं या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही!

“मी आदी खात्री केली,” आजी म्हणाली. “एक दिस कपाळाला कुंकू न लावता त्यांच्या म्होरं बसून वाढलं.”

घामाने तिचं कुंकू पुसलं गेलं तरी भरल्या ताटावरून उठणारा हा माणूस.

“काय पन बोलले न्हाय. गप जेवले. मग मी मोरीत जाऊन रडले, कुंकू लावलं नि त्या दिसापासनं वरडते.”

“पण काकांना सांगायला नको?”

“तो न्हेल त्यांना नारपोलीला, त्याच्या घरी. खाली कापडाचं लूम, वर घर. दिसरात खडखड. तिथं माझा आवाज त्यांच्या कानात कसा जानार? इथं चालतात, फिरतात. तिथं खाटंवर बसून राहतील.”

रविवारी काका आलेच. आजीच्या घशाचं कळलं होतं त्यांना. “चार दिवस दोघं चला माझ्याकडे. मग बघू, परत इथं ठेवायचं का,” म्हणत त्यांनी नव्या लूमचा फोटो दाखवायला मोबाइल आजोबांपुढे धरला. आजोबांचे हात मांडीवरच. आजीने तोंड उघडलं, पण त्यातून नुसती हवा आली. तिच्या डोळ्यांतली भीती मला बघवेना.

“आजोबा!” मी बोंबलले. “काकांनी फोन तोंडासमोर धरलाय, हातात तरी घ्या! नव्या लूमचा फोटो आहे, मोठा केलाय, तरी बघायचा कंटाळा!”

आजोबांनी हात पुढे केला, मोबाइल चेहऱ्याजवळ धरला. “बरी हाय मशीन,” म्हणाले.

“ही तर थेट आयेवर गेली,” काका हसले. मी तासभर अशीच ओरडत राहिले. शेवटी ही घरात आहे तर काळजी नाही, असं म्हणून ते एकटेच परत गेले. मी केलं ते बरोबर की चूक, मला आजही ठाऊक नाही.

आजी भांडी घासायला मागे गेली. पडवीत मी आणि आजोबाच उरलो.

“बाय,” ते हळूच म्हणाले, “डाक्टर काय बोलला? तिचा आवाज येल ना परत?”

“येईल की.”

“माजं डोळं जाऊन दोन वरसं झाली. पन काळोख आत्ता चार दिसांपासनं हाय.”

मला रडू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून मी तोंडावर हात दाबून धरला. आजोबांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, मग हात पुढे करून हवेत चाचपडू लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी गप्प बसले तर मी तिथे आहे, हेसुद्धा त्यांना कळत नाही.

“इथे आहे मी, आजोबा,” मी मोठ्याने म्हणाले. “तुमच्या उजव्या हाताला.”