खिळीचं अक्षर

एका अक्षरात अख्खी संस्कृती सामावू शकते, हे वाक्य मी आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत म्हणायचं ठरवलं होतं. ते अक्षर मला वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या बाकामुळे सापडलं.

त्या बाकावर माझे वडील आणि कारखान्यातल्या माझ्या चिनी सहकारिणीचे वडील रोज सकाळी बसत. दोघेही मुलांकडे तीन महिन्यांसाठी आलेले. माझे बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक, तिचे शाळामास्तर. दोघांना येणारी अशी एकही भाषा नव्हती, पण वडील माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलत.

पंधरा दिवसांत वडिलांनी जाहीर केलं, "माझं तिकीट अलीकडचं कर. हितं मला काय काम हाय? भांडीबी मशीन घासतंय."

मी आज-उद्या करत राहिलो. तेवढ्यात मिरवणुकीसाठी एका शेतकऱ्याने जुनी हातगाडी दिली. अगदी ग्रँड आहे म्हणाला. ती माझ्या दारात उतरली तेव्हा दोघेही म्हातारे बघायला आले. वडिलांनी चाक हलवलं. ते आसावरून बाहेर सरकलं.

"खीळ कुठाय? ह्यो वाकडा खिळा मारलाय नुसता. ह्याच्यावर देव बसवनार?"

मास्तरांनी वाकून पाहिलं आणि वहीत एक अक्षर काढलं: 轄. मागोमाग आलेल्या त्यांच्या मुलीने, माझ्या सहकारिणीने, अर्थ सांगितला. आसाच्या टोकाची खीळ. डावीकडे गाडी, उजवीकडे इजा. पुढे त्याच अक्षराला कारभार, हुकमत असाही अर्थ आला.

"म्हंजे खीळच साहेब," वडील म्हणाले. "आमच्या डेपोत कुनाला पटलं न्हाई हे."

मी खूश झालो. खीळ निघाली की इजा, म्हणून इजा टाळणाऱ्याच्या हाती सत्ता. भाषण तयार. सहकारिणीला ऐकवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण उजवा भाग बहुधा फक्त उच्चारापुरता आहे. आणि तो उच्चारही आता जुळत नाही."

हे मी भाषणात घेतलं नाही.

पुढचे दोन दिवस वडील आमच्या शेडमध्ये कानस घेऊन बसले. मास्तर कसल्याशा दांड्याचं दुसरं टोक धरून. जेवायला तीनदा हाक मारावी लागे. तिकिटाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

मिरवणुकीच्या दिवशी फेटा बांधलेले अध्यक्ष घड्याळ दाखवू लागले. "काका, मुहूर्त टळतोय."

"टळू द्या की. खीळ बघितल्याबिगर माझ्या हातनं एक गाडी भायेर पडली न्हाई."

वडिलांनी खीळ ओढून पाहिली. मग मास्तरांनी ओढून पाहिली. मग वडिलांनी हात वर केला आणि अध्यक्षांसकट सगळे निघाले. हॉलच्या पार्किंगला दोन फेऱ्या झाल्या. चाक आसावरून जराही सरकलं नाही. माझं भाषणही झालं. वडील तेव्हा गाडीखाली होते.

रात्रीच्या जेवणाआधी मी विचारलं, "तिकिटाचं काय करू?"

"ऱ्हाऊ दे. त्या शेतकऱ्याकडं अजून दोन गाड्या हायत. मास्तरला घेऊन जातो उद्या."

बायको तोवर स्वयंपाकघरातला प्रत्येक प्रेस उघडून झारा शोधत होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आता आम्हीही म्हणतो. झारा तिला शेडमध्ये सापडला, दांड्याशिवाय. त्या दिवशीच्या पुऱ्या तिने चिमट्याने काढल्या.